नळीत चढलेलं अ‍ॅसिटोन

लेकीने नखांचा रंग पुसायची बाटली उघडली आणि अ‍ॅसिटोनच्या थंड, नाकात झोंबणाऱ्या वासासरशी मी यवतमाळच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले.

कार्बन डायऑक्साइड विरघळला की अ‍ॅसिटोनचं आकारमान किती वाढतं, हे मी मोजत होते. बारीक नळीतला द्रव अगदी हळू, पण स्पष्ट वर चढला होता. प्रत्येक नोंदीशेजारी मी भांड्याभोवतीच्या पाण्याचं तापमान लिहिलं होतं. ते एकदाही हललं नव्हतं.

सरांनी नळीकडे पाहिलं, वही उघडलीसुद्धा नाही. "गरमीनं फुगलं ते. गॅसनं फरक पडला नाही असं लिही, मग सही करतो."

त्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे.

"सर, तापमान तर तेच आहे."

"मले शिकवून राह्यली का?"

काचसामान धुणारे गजाननभाऊ हळूच म्हणाले, "लिहून टाक न बाई, कायले वर्ष घालवतं?"

मी लिहिलं. सरांचा राग आजही येतो. त्याहून जास्त स्वतःचा येतो, कारण माझ्या खऱ्या आकड्यांवर मी पट्टी लावून, नीट सरळ रेघ मारली.