मामाची मांडी

गावात कोणी मला विचारलं, "काय करून राहिला रे आजकाल?" की माझ्याआधी बाबाच उत्तर देतात, "गोंदियाले कंपनीत आहे." कसली कंपनी ते सांगत नाहीत. समोरचा पुढे काही विचारायच्या आत चोरखमारा तलावाच्या पाण्याचा विषय काढतात, यंदा कालवा कधी सुटणार आणि धानाचं काय होणार. बाबा खोटं बोलत नाहीत. कंपनी आहेच. तिचा एक टँकर आहे, पंप आहेत, फवारणीचं मशीन आहे. कोणाच्या घरात, हॉटेलात, दवाखान्यात संडासाचं पाणी उलटून आलं की ते उपसायचं, गाळ काढायचा, धुवायचं, औषध मारायचं आणि घर परत राहण्याजोगं करून द्यायचं, हे तिचं काम. ते करणाऱ्यांतला एक मी. बी.ए. झालेला, घरी धानाची शेती असलेला.

आमच्यात हे काम कोणी करत नाही. आई एकदाच म्हणाली, "दुसरं काही नाई भेटलं का तुले?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही. फक्त मी घरी गेलो की माझा टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगायला लागली. राग यायचा, पण बोलणार कोणत्या तोंडाने? लाज तर मलाही वाटायची. आमचा टँकर चालवणाऱ्या काकांना मी एकदा म्हटलं, गावात कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल. काकांच्या घरी आजोबांपासून हेच काम. त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "तुले लाज वाटते म्हणून सांगता तरी येते बावा. आमाले वाटते का, हे कोणी विचारलंच नाई कधी."

ताईला सगळं माहीत होतं. माझी मोठी बहीण, गोंदियातच दिलेली. सासरी खताबियाण्याचं दुकान, दुकानामागे घर. भाऊ सुपरवायझर आहे असं तिने तिकडे सांगून ठेवलं होतं आणि मला फोनवर बजावलं होतं, "बाबू, तू काही बोलू नको, मी घेईन सांभाळून." मीही बरं म्हटलं. तिकडे जाताना इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. असा साहेब बनून गेलो की भाची धावत यायची आणि मी वाकून तिच्या पाया पडायचो. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. ती पाळण्यात असली तरी पडतो. माझी भाची तर चांगली बोलकी, बालवाडीत जाणारी. उंबऱ्यावर दोन्ही पाय जुळवून अशी काही उभी राहायची, जशी मोठी राणीच लागून गेली! मग मी तिला कडेवर घ्यायचो.

त्या रविवारी तिचे कान टोचायचे होते. कान टोचताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं. तिची आजी, म्हणजे ताईची सासू, या बाबतीत पक्की. मामाची मांडीच पाहिजे, दुसरी चालणार नाही. ताई मला म्हणाली, "लवकर येजो. आणि तो पांढरा शर्टच घालजो."

रविवार यायच्या आधीच आम्हाला एका घरचं काम आलं. पत्ता मालकाने काकांना दिला होता. टँकर ताईच्या गल्लीत वळला.

"काका, थांबवा. मी उतरतो."

"काऊन?"

"माझ्या बहिणीचं घर आहे."

काकांनी गाडी बाजूला घेतली. "उतर मंग. पाईप कोण धरंल? मी का दोन जागी उभा राहू?"

त्यांचं खरं होतं. मी मास्क चढवला, चष्मा लावला, टोपी कपाळावर ओढली, रेनकोटची गळ्यापर्यंत बटणं लावली. टँकरच्या आरशात पाहिलं तर मीच मला ओळखू येईना. बरं झालं म्हटलं.

आत मोरीतून आणि संडासातून काळं पाणी वर येऊन स्वयंपाकघर आणि कोठीची खोली भरली होती. गमबूट निम्मे बुडत होते. कारण नेहमीचंच. भाताची पेज रोज मोरीत ओतायची आणि भांडी राइस मिलच्या भुशाच्या राखेने घासायची. पेज आणि राख मिळून पाइपात सिमेंटसारखी बसते आणि मग एक दिवस सगळं उलटं येतं. आमच्या भागात अर्ध्या घरांचं हेच दुखणं. माझ्या आईच्या मोरीतही हेच चालतं.

ताई पदर नाकाला लावून जिन्याच्या पायरीवर उभी होती. "भैया, पहले किचन कर दो, फिर ये रूम," ती म्हणाली. गोंदियात कामाला आलेल्या माणसाशी सगळे असेच हिंदीत बोलतात. मी मान हलवली. आवाज काढला असता तर तिने ओळखलं असतं, म्हणून सगळा वेळ मुका झालो. भाऊजी दुकानात होते, तेवढी देवाची कृपा. ताईची सासू ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि नाक मुरडून आमच्याकडे पाहत होती. "नीट करा रे बाप्पा, कोपरे सोडू नका," असं अधूनमधून बजावत होती.

पाणी उपसून झालं. फावड्याने गाळ भरून झाला. मग कोठीच्या खोलीतलं भिजलेलं सामान काढायला लागलो आणि हात तिथेच थांबला. कोपऱ्यात तांदळाचं पोतं होतं. तोंड आईच्या जुन्या लुगड्याच्या लाल काठाने शिवलेलं. आमच्याच शेताच्या बांधीतला चिन्नोर तांदूळ. दरवर्षी नवा तांदूळ निघाला की पहिलं पोतं ताईकडे जातं, आणि ते मीच एसटीच्या टपावर चढवून देतो. आमच्या कामाचा नियम सोपा आहे. या पाण्याने भिजलेलं खाण्याचं काही ठेवायचं नाही, सगळं फेकायचं.

"उचल ना बे, काय पाहून राहिला?" काका ओरडले.

मी पोतं उचललं, खळ्यात उचलतो तसं डाव्या खांद्यावर, झटका देऊन. वळलो तर ताई माझ्याकडेच पाहत होती. तिने नाकावरचा पदर काढला. आधी खांद्यावरच्या पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पदर परत नाकाला लावला आणि तोंड फिरवलं. तिने ओळखलं होतं. पोतं टँकरमागच्या कचऱ्यात टाकून मी क्षणभर तिथेच उभा राहिलो. परत आत जाऊच नये असं वाटत होतं.

पण गेलो. फरशी साबणाने घासली, औषध मारलं, पुसून काढलं. शेवटी मी पाईप गुंडाळत होतो, तेवढ्यात भाची जिन्यावरून थपथप उतरली. अनवाणी. तिला वर थांबायला सांगितलं होतं, पण ऐकते थोडीच! शेवटच्या पायरीवर येऊन थांबली, दोन्ही पाय जुळवून, जशी नेहमी उंबऱ्यावर थांबते तशी.

काय सांगू! डोकं चाललंच नाही माझं. सवयीने वाकलो आणि दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. माझ्या हातांवर कामाचे, घाणीने भरलेले रबरी हातमोजे होते. हात काढले तर तिच्या गोऱ्या पावलांवर काळे डाग.

"अरे अरे अरे!" सासू ओट्यावरून खाली उतरली. "काऊन शिवला रे पोट्टीले?"

पोरगी रडली नाही. ती माझ्या चष्म्यात डोकावून पाहत होती. आणि ताई पुढे आली. तिने पोरीला एकदम उचललं आणि सासूला म्हणाली, "लहान पोरगी पाहून पडला असंल पाया, आई. हे लोक पडतात असे."

हे लोक.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण खरं सांगतो, तेव्हा मला हायसं वाटलं. वाचलो म्हटलं. आतल्या नळाखाली ताई पोरीचे पाय घासत होती, परत परत साबण लावत होती, ते ऐकत मी पाईप उचलून बाहेर आलो. टँकरमध्ये काकांनी मला बिडी पुढे केली. मी बिडी पीत नाही, त्यांना माहीत आहे. मग त्यांनीच ती पेटवली आणि गाडी काढली.

हायसं वाटलेलं गोंदियातल्या माझ्या खोलीवर पोचेपर्यंतही टिकलं नाही. अंघोळ केली, पुन्हा केली. आपल्या सख्ख्या बहिणीने आपल्याला ओळख दाखवली नाही याचा राग यावा, तर राग येत नव्हता. लाजच येत होती. ती माझ्यामुळे खोटं बोलली, आणि तिने खोटं बोलावं असं मलाच वाटत होतं. शनिवारी मी तिला फोन केला. "ताई, रविवारी ड्यूटी लागली." ती म्हणाली, "बरं." इतकी पटकन म्हणाली, जशी वाटच पाहत होती.

रविवारी दुपारी फोन वाजला. ताईची सासू.

"कान टोचले नाईत पोट्टीचे," ती म्हणाली. "सोनार परत धाडला."

"का हो?"

"मामाची मांडी नाई तर कान कायचे? पोट्टी बसली नाई कोणाच्या मांडीवर." मग तिने आवाज खाली आणला. "भाऊ, मी म्हातारी झालो, आंधळी नाई झालो. हे लोक म्हणे! कामाले आलेला माणूस कायले पडंल पोरीच्या पाया? मामाच पडते. ते डाग पाहून मी ओरडलो, ते सोडून द्या. पुढच्या रविवारी या."

मी येतो म्हटलं. ती म्हणाली, "आणि तुमच्या ताईले सांगू नका, मले समजलं म्हणून. लपवून राहिली तर लपवू द्या. तिले तोंड दाखवाले जागा नाई राहणार मंग."

पुढच्या रविवारी गेलो. पांढरा शर्ट घातला, पेन मात्र लावलं नाही. भाची उंबऱ्यावर उभी होती. मी वाकून तिच्या पाया पडलो. सासूने भाऊजींना मोठ्याने सांगितलं, "पाट टाक रे मामासाठी." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सोनाराने तार काढली, हळद मागितली. घर स्वच्छ होतं, कुठे वास नव्हता. मला माहीत होतं, ते मीच धुतलं होतं.

मी पाटावर बसलो, मांडी घातली आणि पोरीसाठी हात पुढे केले. ताई तिला घेऊन आली. माझ्या हातांत देता देता थांबली आणि खाली वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "बाबू, हात धुतले ना?"

लेकराचे कान टोचताना हे कोणीही विचारतं. नंतर तिने सोनारालाही विचारलं, मी ऐकलं. पण मला आधी विचारलं.

मी धुतले होते. दारात येतानाच धुतले होते, साबण लावून. तरी उठलो, मोरीवर गेलो आणि परत धुऊन आलो.