कोनाड्यातले देव

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच हुशारीचा राग येतो.

साठ साल उजाडायच्या आसपास मी अकोल्याच्या जुन्या शहरात फौजदार होतो. तिथल्या गल्ल्यांतली मातीची घरे दुरुस्त करायला नगरपालिकेने अनुदान सुरू केले होते. नियम असा, की भिंत पडलेली हवी. नुसती वाकलेली चालणार नाही. हा नियम कोणत्या शहाण्याने केला ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना एक शिंपी आला. त्याच्या शेजारच्या मास्तरांना अनुदान मंजूर झाले होते आणि त्याचा स्वतःचा अर्ज भिंत उभी आहे म्हणून परत आला होता.

"सायेब, मास्तरची भित पडली नाही, पाडली. सब्बलीचे घाव म्या सोता आयकले."

खबऱ्याच्या पोटात न्यायापेक्षा जळजळ जास्त असते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी दोन पंच घेऊन मी गेलो.

मास्तर पन्नाशीचे, प्राथमिक शाळेत शिकवणारे. "दुपारी जेवून राहिलो होतो, धाडकन पडली," म्हणाले. मी ढिगारा पाहिला. देवाचा कोनाडा त्याच भिंतीत होता. तेलाने काळा पडलेला त्याचा तुकडा मातीत दिसत होता. मग मी स्वयंपाकघरात डोकावलो. तिथे पाटावर सगळे देव पुसून, ओळीने मांडलेले. एकालाही ओरखडा नाही.

"भिंत धाडकन पडली, मग देव आधीच कसे उठून गेले, मास्तर?"

त्यांना खोटे बोलायची सवयच नव्हती.

"हो, पाडली. माहीच भित होती, सायेब. गल्लीकडं झुकली होती. शाळेतले पोट्टे तिच्याच खालून जातात. पालिकेतले म्हनतात, पडू द्या, मंग या. कोनाच्या आंगावर पडाची वाट पाहू काय?"

माझ्याजवळ कलम तयार होते. मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. देवांवरून चोरी कशी पकडली, ते सगळ्या गल्लीसमोर रंगवून सांगितले. साहेबांनी शाबासकी दिली. कोर्टाने मास्तरांना किरकोळ दंड केला, पण नोकरी गेली ती गेलीच.

निकालानंतर तोच शिंपी पुन्हा ठाण्यात आला. या वेळी त्याची मान खाली होती.

"सायेब, माही भित लय झुकली. पाडू काय? मले अनुदान नको."

मला वाटले, हाही आता तीच युक्ती करणार. "हात लावलास तर आत टाकीन," मी दरडावले. तो परत गेला. त्याच्या जागी मी असतो तरी गेलोच असतो.

श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी निरोप आला आणि आम्ही धावलो. शिंप्याची बायको देवापुढे दिवा लावत असताना भिंत तिच्यावर कोसळली होती. आम्ही माती उपसून तिला बाहेर काढले तेव्हा फार उशीर झाला होता. मास्तर आमच्या बरोबरीने हातांनी माती ओढत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

पंचनाम्यासाठी मी शिंप्याजवळ गेलो. त्याने ढिगाऱ्यातला कोनाडा दाखवला. चेपलेल्या मूर्ती मातीत रुतून बसल्या होत्या.

"पाहून घ्या, सायेब," तो म्हणाला. "देव जाग्यावरच हायेत."

त्याचे अनुदान लगेच मंजूर झाले. नियमात पुरेपूर बसत होते.

पुढे मी बरेच गुन्हे उघडकीला आणले, बक्षिसेही घेतली. या प्रकरणाने एवढेच शिकवले, की गुन्हा सापडला म्हणजे गुन्हेगार सापडतोच असे नाही. मास्तर खोटे बोलले आणि त्यांच्या गल्लीतली पोरे वाचली. मी कायद्याला धरून बोललो आणि एक बाई मेली. त्या दिवशीच्या पंचनाम्यात मी 'भिंत आपोआप पडली' असे लिहिले आणि खाली सही केली.