मुन्सिफमामांचा इख्तियार

निजामाच्या अख्ख्या राज्यात आपल्याच खुर्चीवर सर्वांत जास्त संशय घेणारा मुन्सिफ सेलूच्या अदालतीत बसायचा, आणि तो माझा सख्खा मामा होता. बाकीचे हाकिम खुर्ची मिळाली की ऐसपैस पाय पसरत. मामा मात्र कुठलाही अर्ज आला की आधी स्वतःचीच उलटतपासणी घेत, "हे बघायचा मला इख्तियार आहे का?" अधिकार नसला की अर्ज परत, मग तो जहागीरदाराचा असो नाहीतर गाडीवानाचा. वकील वैतागत. मामा म्हणत, "कुणब्यानं शेजाऱ्याचा बांध कोरला तर मी त्याला बोलावतो. मीच बांध कोरला तर मला कोण बोलावणार?"

घरीही तीच तऱ्हा. मामीनं विचारावं, "भाजीत मीठ कमी हाय का?" तर हे ताटातून मान वर न करता म्हणणार, "आईला विचार, स्वयंपाकघर तिच्या हद्दीत येतं." एकदा शेजारचे दोघे भाऊ, कापसाचे व्यापारी, ओट्यावरून हमरीतुमरीवर आले आणि त्यांनी मामांना निवाड्याला बोलावलं. मामांनी तासभर दोघांचं ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि "मी इथं शेजारी म्हणून आलोय, निवाडा अदालतीत" असं सांगून उठले. दोघे भाऊ त्यांच्यावर इतके चिडले की आपसातलं भांडणच विसरले.

माझे वडील बाजारपेठेत वाचनालय चालवायचे. एक खोली, दोन बाकं, बाहेरच्या मुलखातून येणारी चार वर्तमानपत्रं. पण वडिलांचा जीव तिथं होता. राज्याच्या शेवटच्या धामधुमीत एका बड्या अंमलदाराला ते खुपायला लागलं. त्यानं मामांना चहाला बोलावून सांगितलं, "अदालतीच्या हुकमानं ते बंद करा. तुम्ही काय, काहीही करू शकता." मामांनी दोन दिवस कायद्याची पुस्तकं चाळली आणि लेखी कळवलं : वाद नाही, वादी नाही, या अदालतीला इख्तियार नाही. आमची छाती अभिमानानं फुगली. अंमलदारानं मात्र आठवड्याच्या आत स्वतःच्या हुकमानं कुलूप ठोकलं.

वडील तडक मामांकडे गेले. "आता तुमी हुकूम काढा अन् कुलूप उघडा."

"दाजी, त्याच्या हुकमावर अपील वर जातं, माझ्याकडं न्हाई. अर्ज मी लिहून देतो."

"बहिणीच्या घरावर आलं तरी न्हाई?"

"तेव्हा तर मुळीच न्हाई."

वडील पाणीही न पिता परतले. मला मामांचा लय राग आला.

दुसऱ्या दिवशी अदालतीला सुट्टी होती. सकाळी बाजारात गलका झाला म्हणून धावलो. वाचनालयाच्या पायरीवर, कुलपाला पाठ लावून, मामा उघड्या डोक्यानं बसले होते. हाकिमाची सरकारी पगडी, दस्तार, त्यांनी घरी ठेवली होती. हातात घरचं वर्तमानपत्र होतं आणि ते खणखणीत आवाजात वाचत होते. समोर हमाल, दुकानदार, शेतकरी उभे होते. शिपायानं चाचरत विचारलं, "साहेब, तुमी हितं?"

"साहेब घरी हाय. मी वाचनालयवाल्याचा मेहुणा."

वडील गर्दीतून पुढं आले आणि त्यांच्या शेजारी टेकले. पान संपलं तसं मामांनी वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं.

महिन्याभरात मामांची नोकरी गेली. पुढं राज्य बदललं, कुलूप निघालं, पण मामा पुन्हा खुर्चीवर बसले नाहीत. अजूनही त्या पायरीवरून जाताना मी चप्पल काढतो. लोक विचारतात इथं कुठलं देऊळ आहे, आणि मला नीट सांगता येत नाही.