शांत्यर्पणाचा वाटा

लंडनच्या ईलिंगमधल्या त्या हॉलमध्ये हीटिंग नेहमी जास्तच असतं. त्यात आमच्या मराठी ख्रिस्ती फेलोशिपचे वडीलधारे, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्या निवृत्त फार्मासिस्टनी टेबलावर फॉइलचा ट्रे उघडला. आत बोकडाचे दोन गुर्दे, त्यांच्याभोवतीची पांढरी चरबी आणि काळजाचा तुकडा. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकातली अर्पणं मुलांना प्रत्यक्ष दिसावीत, ही त्यांची हौस. इथे जन्मलेल्या मुलांनी लगेच "सो ग्रोस!" म्हणून नाकं धरली. मलाही शिसारी आली. चरबी वितळायला लागली होती आणि तो वास कोटांना चिकटत होता.

एरवी मी उठून बाहेर गेलो असतो. पण त्या रविवारी शेजारी माझे चुलते बसले होते.

ते नगरजवळच्या गावाहून एजवेअरला मुलाकडे आले होते. माझे वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले, चुलते झाले नाहीत. मी बारा वर्षांचा असताना जत्रेत त्यांनी देवीला बोकड कापला आणि मला प्रेमाने पंगतीत बसवलं. पहिला घास तोंडात गेला आणि कुणीतरी म्हणालं, हा देवीचा वाटा बरं का. मी तो सगळ्यांसमोर ताटात थुंकलो. वर म्हणालो, "तुम्ही दगडाला रक्त पाजता. घाणेरडे लोक." घरी वडिलांनी माझी पाठ थोपटली. चुलते नंतर कधी आमच्या घरी आले नाहीत. वडील गेले तेव्हाही दफनभूमीच्या फाटकावरून परतले.

म्हणून यंदा मीच त्यांना बोलावलं. आधी चर्च, मग आमच्या घरी जेवण, आणि जेवताना माफी मागायची, असं ठरवलं होतं.

भाऊ सांगत होते. माणूस जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, मग ते स्वतःच कापायचा. याजक, म्हणजे पुजारी, रक्त वेदीवर शिंपडायचे. शांत्यर्पणात, म्हणजे देवाशी सलोख्याच्या अर्पणात, गुर्दे, चरबी आणि काळजाचा तुकडा देवाचा, याजकाला त्याचा भाग, आणि उरलेलं घरच्यांनी एकत्र बसून खायचं. "ही सगळी येशूची छाया," ते म्हणाले. "त्याने स्वतःलाच दिलं, म्हणून आता बोकड नको."

चुलते मन लावून ऐकत होते. मध्येच हात वर करून म्हणाले, "आमच्याकडं बी काळीज आधी देवीला. मग पंगत. पाव्हणा उपाशी गेला तर देवीला पोचत नाय म्हणत्यात."

मागे कुणीतरी खिदळलं. भाऊ कसनुसं हसले. "ते वेगळं हो, काका." माझे कान तापले. मला लाज वाटली, आणि कुणाची, तर चुलत्यांची! आज आठवलं तरी स्वतःची किळस येते.

मग ट्रे झाकला, खिडकी उघडली आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, सुरू झालं. ताट फिरवायची पाळी माझी होती. आमच्यात बाप्तिस्मा झालेल्यांनीच भाकर घ्यायची असते. बाकीचे नुसती मान हलवतात. चुलत्यांना हे आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. मी त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा त्यांनी डोळे मिटून उजवा हात पुढे केला होता. खाली डावा हात, प्रसादाला धरतात तसा.

"हे फक्त आमच्या लोकांसाठी असतं, काका," मी पुटपुटलो आणि ताट पुढच्या बाईंकडे नेलं.

त्यांनी डोळे उघडले. रिकाम्या तळहाताकडे पाहिलं, मग तो पँटला पुसला. आणि मी पुढे सरकत राहिलो, रांगेमागून रांग, चेहऱ्यावर भक्तिभाव आणून! रक्त-मांसाचं आम्ही पावाचे चौकोनी तुकडे आणि द्राक्षांचा रस करून टाकलं, पण सोवळं काही सुटलं नाही. एकत्र खाण्यासाठीच जे अर्पण, त्याचा धडा नुकताच ऐकून मी हे केलं.

मी त्यांना गाडीने घरी आणलं. घरी बायकोने मटण केलं होतं, पानं मांडली होती. दार उघडून मी तिथेच सुरुवात केली, "काका, त्या वेळी जत्रेत मी जे बोललो..."

"त्याचं काय एवढं," ते म्हणाले. "तवा तू बारा वर्साचा व्हतास."

त्यांनी बूट काढले नाहीत. "पोराला फोन लाव. मला न्यायला ये म्हणावं."