काकांच्या ऑटोवरचं नाव

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, म्हणूनच असेल.

गोंदियात, स्टेशनपासून जवळच, आमचं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर नावं, देवांची चित्रं, नंबर चिकटवायचे आणि जुने झाले की काढायचे. नवरा मशीनवर अक्षरं कापतो. अक्षरांमधला नको तो भाग टाचणीने उचलायचा, मग नाव गाडीवर बसवायचं, हे काम माझं. हिचा हात हलका आहे, असं गिऱ्हाइकं म्हणतात. हात असेल हो हलका. मनाचं कोण विचारतं?

वैशाली माहेरी आमच्या शेजारची. आम्ही दोघी तिच्या बाबांच्या ऑटोतून शाळेत जायचो. त्यांना मी काका म्हणते. ऑटोत पोरं कोंबलेली, दप्तरं बाहेर लटकलेली, आणि राईस मिल आली की उकडलेल्या धानाचा तो वास — आजही तो वास आला की मला भरून येतं. ऑटोच्या मागच्या पत्र्यावर लाल रेडियममध्ये ‘वैशाली’ लिहिलेलं होतं. माझं नाव काऊन नाही म्हणून मी रुसायची. काका हसायचे. “तुह्या बापाले म्हन ना ऑटो घ्यायले!”

पुढे वैशाली दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून गेली, तिकडे छत्तीसगडात, दुर्गला. कोणाला न सांगता. त्याच वर्षी माझं लग्न झालं. माझ्याही मनात एक जण होता. पण बाबांनी हे स्थळ दाखवलं आणि मी मान हलवली. नवरा वाईट नाही, अजिबात नाही. पण तिला जमलं ते मला जमलं नाही, हे मनात टोचत राहिलं. ते टोचणं इथे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

वैशाली गेल्यावर काही महिन्यांनी, लग्न होऊन मी दुकानात काम शिकले तेव्हा, काका आले. काढ म्हणाले, हे नाव. मी केस वाळवायच्या मशीनने पत्रा गरम केला आणि कोपऱ्यातून हळूहळू सोलायला लागले. काका पाठ फिरवून उभे होते. अर्ध्यात अचानक वळले.

“फाडू नको वं बाई. ठेव तुह्यापासी. पोरगी येईल तवा लावू.”

आता एकदा काढलेलं रेडियम पुन्हा चिकटत नाही. त्यातून ते उन्हाने भाजलेलं, तुकड्यातुकड्यांनी निघत होतं. काकांना कसं सांगणार? ते गेल्यावर मी नवऱ्याकडून तसंच नाव पुन्हा कापून घेतलं, वरून टेप लावली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवलं आणि कपाटात घातलं — टिनाच्या छपराच्या झळा लागू नयेत म्हणून अगदी खालच्या कप्प्यात. तोवर माझं मन साफ होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि गंमत बघा, पत्र्यावरचा डिंक मी घासलेटने पुसला तरी नाव दिसतच होतं. आजूबाजूचा रंग उन्हाने उडालेला, अक्षरांखालचा तेवढा ताजा. रंग मारू का, विचारलं, तर काका म्हणाले, राहू दे.

दोनेक वर्षांनी वैशाली आली. भर दुपारी, दुर्गच्या गाडीतून उतरून स्टेशनावरून सरळ दुकानात, कडेवर लेकरू. नवरा जेवायला गेला होता. ती जरा भरली होती, छान दिसत होती. घरी जायची हिंमत होत नाही म्हणाली. आधी मला विचारायला आली होती — बाबा काय म्हणतात? ऑटोवर माझं नाव आहे का अजून?

कपाट माझ्या पाठीमागेच होतं. खाली वाकायचं आणि पुठ्ठा काढून तिच्या हातात द्यायचा, इतकंच काम. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती सुखात होती. आणि मला ते बघवलं नाही — झालं, हेच ते. जळले मी.

“काकांनी ते नाव माझ्याच हातून काढून घेतलं,” मी म्हणाले.

शब्द न् शब्द खरा, नाही का?

“आन् काही म्हनले?”

“काहीच नाही.”

ती रडली नाही. लेकराला पाणी पाजलं, मला नंबर दिला. बाबांचं मन वळलं तर फोन कर म्हणाली, आणि पुढच्या गाडीने परत गेली.

दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. पण मग काल काय केलं ते सांगावं लागलं असतं. आज करू, उद्या करू — किती वर्षं झाली! पोळ्याला, दिवाळीला काका विचारतात, जपून हाय ना वं ते? मी म्हणते, आहे काका.

परवा ते नवी ई-रिक्षा घेऊन आले. जुना ऑटो भंगारात गेला, पत्र्यावरच्या त्या नावासकट. मी पुठ्ठा उघडला. टेप कडक झालेली, डिंक मेलेला. काकांना चहा दिला आणि आत जाऊन गुपचूप नवं नाव कापलं. मशीन आता मलाही येतं. पाणी फवारलं, नाव ठेवलं, पट्टीने मधून कडेला दाबत नेलं. काकांनी त्यावरून हात फिरवला.

“तू व्हती म्हनून राहिलं वं हे. नाही तं मी रागात फेकूनच देल्लं असतं.” मग म्हणाले, “मी स्टेशनावरच उभा राहतो आता. पोरगी गाडीतून उतरली, तं दुरून दिसंल ना?”

दिसेल काका, मी म्हणाले.

फोन काउंटरवरच पडला होता. तिचा नंबर आहे त्यात. मी पाण्याची बाटली जागेवर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.