शंकराला हेलेबोर

ओहायोतल्या आमच्या घरामागे मेपलची दाट सावली आहे. तिथे फारसं काही टिकत नसे, आणि जे टिके ते हरणं खात. हेलेबोर हे फुलझाड विषारी असल्यामुळे हरणं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून मी ते लावलं. फुलायला त्याने तीन वर्षं घेतली. फेब्रुवारीत, बर्फातच, पाच जांभळी फुलं मान खाली घालून उमलली. शनिवारी निवांत बघू म्हणून मी कामावर गेले.

परत आले तर पाचही फुलं देवघरात, पाण्याच्या ताटलीत. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी पूजेसाठी तोडली होती.

“आई, विषारी आहेत ती! हात धुतलेत का?”

“धुतले गं. आणि धोतरा काय विषारी नसतो? तो चालतो ना शंकराला?”

मी चिडूनच ताटली उचलायला वाकले. ताटलीत फुलं वर तोंड करून तरंगत होती. त्यांच्या आतले ठिपके मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. झाडावर ते बघायला बर्फात गुडघे टेकावे लागले असते.

यंदा सासूबाई नागपुरात आहेत. फुलं भरपूर आली. हातमोजे घालून मी एकच कापलं आणि पिंडीसमोर पाण्यात ठेवलं.