किती सरकतं, तेच बघायचं असतं

अण्णा गेल्याचा फोन मला कुणी केला नाही, मीच सगळ्यांना केला. तेच तेच सांगून जीभ जड झाली. "अगं, चांगला होता की!" प्रत्येकाचं हेच. चांगला कुठला… आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत, माझ्याच घरी, डोळ्यांदेखत झिजत होता.

हा माझा थोरला भाऊ चाचणी वैमानिक. नवीन विमान कुठं दगा देतं ते प्रवासी बसायच्या आधी शोधायचं, हे त्याचं काम. आयुष्य बेंगळुरात गेलं, वहिनी वारल्यावर माझ्याकडं आला. एकदा मी भाकरी थापता थापता विचारलं, सगळ्यात अवघड काय रे? म्हणाला, "विमान उडायच्या बेतात जोरात पळत असतं, तेव्हाच एका बाजूचं इंजिन मुद्दाम बंद करायचं. पुढचं चाक वळवायची सोय आधीच काढून ठेवलेली. नुसत्या पायानं शेपटीचं सुकाणू दाबून सरळ ठेवायचं."

"मग ते कडेला जातं की!"

"जातंच. किती सरकतं, तेच बघायचं असतं. आवरलं, की पुढच्या खेपेला आणखी कमी वेगात. वेग कमी, तेवढा सुकाणूचा जोर कमी."

"बाई गं! आणि आईला सांगायचास ऑफिसात बसतो म्हणून!"

तो हसला. पण एका बाबतीत महा हट्टी. वरचे साहेब म्हणायचे, अजून कमी वेगातही जमेल तुम्हाला. हा म्हणायचा, "मला जमेल हो, इंजिन बंद होणार हे मला ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नाही, त्याचं काय?"

मग त्याच्या यकृतात गाठ निघाली. डॉक्टरांनी त्याचा मुलगा महेश आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. महेश म्हणाला, "आत्या, बाबांना साधी सूज म्हणू. खचतील." आपल्याकडं असंच करतात, मीही मान हलवली. महेशनं पुण्यात मोठं ऑपरेशन ठरवलं. त्यातूनही आशा थोडीच होती.

महेश पुण्याला न्यायला गाडी बघायला गेला तेव्हा अण्णानं मला जवळ बसवलं. "सुमे, काय आहे ते सांग. ठाऊक असलं की आवरता येतं."

मी सांगून टाकलं. तो म्हणाला, "पुण्याला नको. हितंच राहतो."

महेश माझ्यावर असा भडकला! "तू मारलंस बाबांना." येऊन बापाजवळ बसायचा, माझ्याशी शब्द नाही. अण्णा मात्र समोरच्या खोलीत निवांत. दही-भाकरी, शेंगाचटणी, पचेल तेवढं खायचा आणि दुखलं तर दुखतंय म्हणायचा. मी बरोबर केलं का, हे कुणाला विचारू? तेरावं झालं आणि महेश न बोलता बेंगळुरला निघून गेला.

समोरच्या खोलीतली खाट अजून हलवलेली नाही. अंगात त्राणच नाही. परवा महेशचा फोन आला.

"आत्या, कशी आहेस?"

"बरी आहे की."

"खरं सांग."

मी अण्णाच्या खाटेवर टेकले. "दमलेय रे," म्हटलं. "लई दमलेय."

तिकडं तो रडायला लागला, मग मीही.